ज्याअर्थी सात, त्याअर्थी एक

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या विधिमंडळाने परदेशात तैनात सैनिकांना पाठिंबा देणारा ठराव केला, की आपल्या मराठी ग्रुपांवर दोन तट पडतात. एकाला ते फार मोठं पाऊल वाटतं. दुसरा म्हणतो, बोलाचीच कढी, बोलाचाच भात. ठराव मात्र दोघांपैकी कोणीच वाचलेला नसतो. तो असतो जेमतेम दीड-दोन पानांचा आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. एवढंच, की तो खालून वर वाचायचा.

आपल्याकडच्या सरकारी आदेशात "ज्याअर्थी" आणि "त्याअर्थी" असतं, तसाच याचाही साचा आहे. सुरुवातीला पाच-सात परिच्छेद ज्याअर्थीचे. ज्याअर्थी या राज्याच्या सुपुत्रांनी यादवी युद्धापासून रक्त सांडलं, ज्याअर्थी अमुक ब्रिगेड तमुक देशात रवाना झाली, ज्याअर्थी मागे राहिलेल्या कुटुंबांनी हाल सोसले. सगळं खरं असतं आणि चांगलं लिहिलेलंही असतं, पण त्यातल्या एकाही वाक्याने कोणावर कसलीही जबाबदारी येत नाही. आलीच तर ती तळच्या त्याअर्थीत येते. तिथलं क्रियापद बघायचं. "कौतुक करते", "ऋण मानते", "पाठीशी उभी राहते" ही क्रियापदं बिनखर्चाची. "विनंती करते" किंवा "आग्रह धरते" असेल तर वॉशिंग्टनला, म्हणजे केंद्र सरकारला, एक पत्र जातं. "निर्देश देते" असेल तर राज्याच्या कुठल्यातरी खात्याच्या टेबलावर काम पडतं, आणि ते क्वचित दिसतं. सगळ्यात शेवटी प्रत कोणाला पाठवायची ती ओळ येते, तिच्याकडे नंतर वळतो.

"एकमताने मंजूर" या शब्दांनीही भारावून जाऊ नये. असे ठराव बहुतेकदा आवाजी मतदानाने निघतात, नाहीतर सरसकट मंजुरीच्या यादीत टाकलेले असतात. व्हरमाँटमध्ये कौतुकाच्या ठरावांची अशी यादीच असते. एखाद्या सभासदाने चर्चा मागितली नाही तर सगळी यादी एका फटक्यात पास. नावानिशी मतं नोंदवली गेली का, हे बघितल्याशिवाय एकमताला फार भाव देऊ नये. ठरावांची नावंही राज्यागणिक बदलतात. वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो या राज्यांत काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, उद्देशून केलेल्या ठरावाला मेमोरियल म्हणतात. त्याचा स्मारकाशी संबंध नाही, ते निवेदन. टेक्ससमध्ये दोन्ही सभागृहांचा ठराव गव्हर्नरच्या सहीला जातो, इतर अनेक राज्यांत जात नाही.

आता मुळातला प्रश्न. लष्कर केंद्राचं, युद्धही केंद्राचं, मग राज्याच्या विधिमंडळाने यात बोलायचं काय?

संबंध येतो तो नॅशनल गार्डमुळे, म्हणजे राज्याराज्यांच्या अर्धवेळ राखीव फौजेमुळे. गार्डचा जवान एकाच वेळी आपल्या राज्याच्या गार्डचाही असतो आणि अमेरिकेच्या नॅशनल गार्डचाही. ही दुहेरी भरती १९३३ पासून आहे. एरवी त्याचा सेनापती गव्हर्नर. (मराठी वर्तमानपत्रं याला राज्यपाल लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो. हा लोकांनी निवडून दिलेला माणूस, आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.) पूर आला, वणवा लागला, की जवान राज्याच्या हुकमावर, राज्याच्या पगारावर बाहेर पडतो. केंद्राच्या कायदेसंहितेतल्या टायटल ३२ खाली ताबा गव्हर्नरचा आणि पैसा वॉशिंग्टनचा. टायटल १० खाली ताबा, पैसा दोन्ही वॉशिंग्टनचं, आणि परदेशी मोहीम होते ती याच हुकमावर. ११ सप्टेंबर २००१ नंतर सर्रास वापरलं गेलेलं त्यातलं कलम १२३०२ राष्ट्राध्यक्षाला १० लाखांपर्यंत राखीव सैनिक सलग २४ महिन्यांपर्यंत बोलावू देतं. त्यात गव्हर्नरला कोणी विचारत नाही.

विचारलं जावं म्हणून एकदा झगडा झाला होता. १९८० च्या दशकात गार्डच्या तुकड्या प्रशिक्षणाच्या नावाखाली होंडुरासला जात होत्या, आणि रेगन सरकारचं मध्य अमेरिकेतलं धोरण पटत नसलेले गव्हर्नर संमती नाकारू लागले. मेनचे जोसेफ ब्रेनन हे त्यातले एक. काँग्रेसने १९८६ मध्ये माँटगोमेरी दुरुस्ती करून ती वाट बुजवली. परदेशातल्या कामगिरीची जागा, हेतू, प्रकार किंवा वेळापत्रक आवडलं नाही म्हणून गव्हर्नरला संमती अडवता येणार नाही, असा तो कायदा. मिनेसोटाचे गव्हर्नर रूडी पर्पिच कोर्टात गेले आणि ११ जून १९९० ला सर्वोच्च न्यायालयात एकमुखाने हरले. त्या दिवसापासून "आमच्या पोरांना पाठवू नका" हे राज्याच्या हातात राहिलेलं नाही. पाठवल्यावर त्यांच्या घराचं काय करायचं, हे मात्र पुष्कळ राहिलं आहे. माझा सगळा मुद्दा या एका फरकापाशी आहे.

त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरणही मिनेसोटाचंच. ३४ व्या इन्फंट्री डिव्हिजनची पहिली ब्रिगेड, खांद्यावर लाल बैलाचं चिन्ह म्हणून रेड बुल. राज्यातले सुमारे २६०० जवान तिच्याबरोबर इराकला गेले. परतीची वेळ आली तेव्हा, जानेवारी २००७ मध्ये, वाढीव फौजेच्या निर्णयात त्यांची मुदत लांबली. इराकमध्ये १६ महिने आणि प्रशिक्षण धरून एकूण २२ महिने घराबाहेर काढून ते उन्हाळ्यात परतले. मग कॉलेजचे अर्ज भरताना गोम कळली. लष्कराच्या जीआय बिलखाली शिक्षणाची मोठी मदत मिळायला ७३० दिवसांची सेवा लागत होती आणि जवळजवळ निम्म्या लोकांचे हुकूम ७२९ किंवा त्याहून कमी दिवसांचे निघाले होते. एका दिवसाने दरमहा काहीशे डॉलर हुकले. राज्याच्या खासदारांनी लष्कराकडे दाद मागितली.

अशा वेळी विधिमंडळाने कितीही ज्याअर्थी लिहिले तरी त्या कागदावरचा ७२९ हा आकडा हलत नाही, कारण हुकूम केंद्राचा. विधिमंडळाच्या आवाक्यात जे होतं ते त्यांनी त्याच वर्षी केलं: राज्याचं स्वतःचं मिनेसोटा जीआय बिल, राज्याच्या तिजोरीतून शिक्षणमदत. परतलेल्या जवानांना नव्वद दिवस कोणी कामाला हात लावायला सांगू नये, ही तोवरची पद्धत. ऐकायला दयाळू, पण नेमक्या याच दिवसांत घर, नोकरी, झोप सगळं विस्कटतं. मिनेसोटा गार्डने जोडीदारासकट ३०, ६० आणि ९० दिवसांनी मेळावे घ्यायला सुरुवात केली. पिवळ्या फितीच्या नावाने सुरू झालेला हा कार्यक्रम काँग्रेसने २००८ च्या संरक्षण कायद्यात सगळ्या देशासाठी उचलला.

ठरावात पाठिंब्याची मोळी कशी बांधली आहे, हेही तपासावं. २० मार्च २००३ ला इराक युद्ध सुरू झालं. त्याच दिवशी काँग्रेसच्या सिनेटने ९९ विरुद्ध ० मतांनी सैनिकांच्या बाजूचा ठराव केला. प्रतिनिधीगृहाचा ठराव दुसऱ्या दिवशी पहाटे ३९२ विरुद्ध ११ असा झाला, आणि २२ जणांनी फक्त "हजर" एवढीच नोंद केली. हे लोक सैनिकांच्या विरोधात नव्हते. ठरावाच्या वाक्यात राष्ट्राध्यक्षांचं कौतुक आणि सैनिकांचं कौतुक एकाच दोरीने बांधलेलं होतं आणि ती दोरी सोडायची सोय नव्हती. राज्यांतही हीच कुरघोडी चालते. सत्ताधाऱ्यांनी त्याअर्थीत "सर्वोच्च सेनापतींच्या निर्णयाला" हे तीन शब्द घुसवले, की विरोधकाला दोनच वाटा: न पटणाऱ्या युद्धाला हो म्हणा, नाहीतर निवडणुकीत "सैनिकांच्या विरोधात मत" असं पत्रक झेला. अशा वेळी ठरावाचे दोन भाग करून वेगळं मतदान मागता येतं, बहुतेक सभागृहांच्या नियमांत ती सोय असते. ती मागायला फार कमी जण उठतात.

व्हरमाँटने ही गाठ उलटीकडून सोडवली. इराकमध्ये लोकसंख्येच्या मानाने सगळ्यात जास्त माणसं गमावलेल्या राज्यांपैकी ते एक. तिथे मार्चमध्ये गावोगावी सभा भरते, अगदी आपल्या ग्रामसभेसारखी, हात वर करून मतदान. २००५ च्या सभांमध्ये सुमारे ५० गावांनी ठराव केले, की गार्ड परदेशी गेल्याने राज्यावर काय परिणाम होतो ते विधिमंडळाने तपासावं. फेब्रुवारी २००७ मध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांनी सैनिकांना पाठिंबा देत इराकमधून माघार सुरू करा असं सांगितलं. असं करणारं ते पहिलं राज्य विधिमंडळ. कायद्याने वॉशिंग्टनवर त्याचं काही बंधन नव्हतंच. तरी हा ठराव मला इतर शंभरांपेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण तो गावच्या मागणीतून वर चढत आला आणि त्यात सैनिक एकीकडे, युद्ध दुसरीकडे असं सरळ लिहिलेलं आहे.

गावकऱ्यांचा प्रश्न किती रोकडा होता ते २००५ च्याच ऑगस्टमध्ये दिसलं. कट्रिना वादळ धडकलं तेव्हा लुइझियाना गार्डच्या २५६ व्या ब्रिगेडचे सुमारे ३००० लोक इराकमध्ये होते, मिसिसिपीची १५५ वी ब्रिगेडही तिकडेच. माणसांची उणीव इतर राज्यांच्या गार्डनी भरून काढली, पण ट्रक, रेडिओ, रात्री पाहायच्या दुर्बिणी यांचं काय? परतणाऱ्या तुकड्या सामान मागून येणाऱ्यांसाठी तिकडेच ठेवत होत्या. मे २००७ मध्ये टोर्नेडोने कॅन्ससचं ग्रीन्सबर्ग गाव जवळजवळ पुसलं गेलं, तेव्हा गव्हर्नर कॅथलीन सिबेलियस यांनी हीच तक्रार उघड केली. तेव्हा पाठिंब्याच्या ठरावाबरोबर विधिमंडळाने गार्डच्या प्रमुखाला, म्हणजे ॲडज्युटंट जनरलला, समितीपुढे बोलावून विचारावं: किती वाहनं राज्यात उरली, किती चालू स्थितीत आहेत, शेजारच्या राज्याशी मदतीचा करार ताजा आहे का. तासाभराचं काम आहे. फोटो मात्र चांगला येत नाही.

पैशाचं बोलू. २००५ च्या सुरुवातीला युद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी केंद्राकडून तातडीची मदत म्हणून जेमतेम १२,००० डॉलर मिळत होते. त्यापलीकडे सैनिकाने स्वतःच्या पगारातून भरलेला विमा, अडीच लाखांचा, हप्ता महिना १६ डॉलर २५ सेंट. न्यू मेक्सिकोने त्या वर्षी ठरवलं, की आपल्या गार्ड जवानांचा हा हप्ता राज्य भरेल. असं करणारं ते पहिलं राज्य. महिन्याला सोळा डॉलर म्हणजे फार नाही, पण आपला हप्ता आपलं राज्य भरतंय हे जवानाला पगाराच्या चिठ्ठीवर दिसतं. मागोमाग इतर राज्यांत तसेच कायदे मांडले गेले. त्याच वर्षी काँग्रेसने तातडीची मदत १ लाखावर आणि विमा ४ लाखांवर नेला. राज्यांनी आधी करून दाखवलं की वॉशिंग्टनला लाज वाटते, ती अशी.

इलिनॉयने २००३ मध्ये सैनिक कुटुंबांसाठी मदतनिधी काढला, तो देशात पहिला. प्राप्तिकराच्या फॉर्मवर त्यासाठी एक चौकट ठेवली. तिथे रक्कम लिहिली की ती थेट या निधीत जायची. शिकागोकडच्या मराठी मंडळींनी आपल्या करसल्लागाराला एकदा विचारावं, ही चौकट अजून आहे का. मॅसॅच्युसेट्स परतलेल्याला सरळ बोनस देतं: इराक-अफगाणिस्तानात गेला असेल तर १००० डॉलर, एरवी सहा महिने सेवा झाली असेल तर ५००.

असे निधी कुठे अडकतात? कागदावर. अर्जाला सैनिकाच्या हुकमाची प्रत लागते, हुकूम सैनिकाजवळ आणि सैनिक सहा हजार मैलांवर. निघण्याआधी हुकमाच्या प्रती घरी ठेवणं आणि जोडीदाराच्या नावे मुखत्यारपत्र करणं हे पहिलं काम. मुखत्यारपत्र सर्वसाधारण असेल तर घराच्या किंवा गाडीच्या व्यवहारात बँका नाक मुरडतात, म्हणून त्या व्यवहारासाठी वेगळं केलेलं बरं. दुसरी अडचण हुकमाच्या प्रकाराची. निधीच्या नियमात "टायटल १०, सलग ३० दिवस" असं असेल, तर राज्यातल्या पुरात दोन महिने राबलेला जवान बाहेर राहतो. केंद्राच्या नोकरी-हमी कायद्यालाही २०२१ पर्यंत राज्याच्या हुकमावरची सेवा ठाऊक नव्हती. आता १४ दिवस आणि त्यापुढची धरली जाते. १८० दिवसांहून मोठी सेवा करून परतलेल्याला जुन्या मालकाकडे अर्ज करायला ९० दिवस मिळतात, आणि नव्वदी उलटली की भांडण सुरू. सैनिकांना दिवाणी बाबतीत संरक्षण देणाऱ्या २००३ च्या कायद्यातली कर्जाची ६ टक्के व्याजमर्यादाही आपोआप लागत नाही. ती सेवेआधीच्या कर्जालाच आहे, आणि हुकमाची प्रत जोडून लेखी कळवावं लागतं, उशिरात उशिरा सेवा संपल्यावर १८० दिवसांत. घरच्या माणसाला हे कोणी सांगत नाही. ठरावाच्या सातव्या ज्याअर्थीऐवजी हे छापून वाटलं तरी पुष्कळ.

केवळ राज्याच्याच हातात असलेल्या गोष्टीही कमी नाहीत. मुलाचा ताबा राज्याच्या कोर्टात ठरतो. आई किंवा बाप परदेशी असताना कायमचा आदेश काढू नये, तैनातीचं कारण पुढे करून नंतर ताबा काढून घेऊ नये, असा नमुना कायदा २०१२ पासून तयार आहे, पण सगळ्या राज्यांनी तो घेतलेला नाही. मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधी पाठवा हे केंद्राने २००९ मध्ये सक्तीचं केलं. भरलेली मतपत्रिका ईमेलने परत चालेल की टपालानेच, आणि किती तारखेपर्यंत आलेली मोजायची, हे राज्य ठरवतं. शाळा बदलण्यासंबंधीचा आंतरराज्य करार मात्र ५० च्या ५० राज्यांनी २०१४ पर्यंत घेतला, तिथे नाव ठेवायला जागा नाही.

काही राज्यांत आता उलट दिशेचं विधेयक फिरतं: काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारल्याशिवाय आमचा गार्ड लढाईला जाणार नाही. वेस्ट व्हर्जिनियात याची सुरुवात झाली, ॲरिझोनाच्या सिनेटमध्ये २०२३ ला आणि न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात २०२४ ला ते पास झालं, पण तोवर कायदा कुठेच झाला नव्हता. पर्पिच खटल्यानंतर हे कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही, शिवाय गार्डचा बहुतेक पैसा वॉशिंग्टनहून येतो, तो आवळला की राज्य गप्प बसेल. तरी या विधेयकावर सुनावणी होते, माजी सैनिक येऊन बोलतात, सेनाधिकाऱ्यांना उत्तरं द्यावी लागतात. कौतुकाच्या ठरावावर सुनावणीच होत नाही.

आपल्याकडे याची तुलना करताना सांभाळून करावी. संरक्षण आपल्या केंद्रसूचीत आहे, राज्याकडे गार्डसारखी फौज नाही, त्यामुळे विधानसभेचा ठराव अभिनंदनापुरताच. खरं काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चालतं. पण परदेशातून परतणारी फौज आणि राज्याचं राजकारण यांची टक्कर आपणही पाहिली आहे. मार्च १९९० मध्ये श्रीलंकेतून शांतिसेना मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. युद्ध आणि सैनिक वेगळे मोजायचे की एकत्र, हा तोच प्रश्न, फक्त बंदर निराळं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला राज्य विधिमंडळ परकं वाटतं, आणि ते तसं नाही. बेळगावचे श्री ठाणेदार काँग्रेसमध्ये जाण्याआधी मिशिगनच्या प्रतिनिधीगृहात होते. आपल्या भागाच्या आमदाराचं कार्यालय फोन उचलतं. त्यामुळे पुढच्या वेळी असा ठराव येतोय असं कळलं तर मसुदा मागवा. आधी तुकडीचं नाव तपासा. बटालियनला ब्रिगेड आणि रिझर्व्हला गार्ड लिहिण्याच्या चुका राजरोस होतात. २८ जानेवारी २०२४ ला जॉर्डनमधल्या टॉवर २२ वर जॉर्जियाचे तीन सैनिक मारले गेले. ते आर्मी रिझर्व्हचे, म्हणजे थेट केंद्राच्या राखीव फौजेचे होते, गव्हर्नरचा त्यांच्यावर कधीच ताबा नव्हता. निघण्याची तारीख आणि नेमका मार्ग मसुद्यात असेल तर काढायला लावा, ते जाहीर करायचं नसतं. अधिवेशनाचं वेळापत्रकही बघा. टेक्ससचं विधिमंडळ विषम वर्षात १४० दिवस बसतं आणि तैनाती असते नऊ-दहा महिन्यांची. सम वर्षाच्या उन्हाळ्यात गेलेली तुकडी बाडबिस्तरा आवरून परतायला लागते, तेव्हा कुठे ठराव सभागृहात येतो.

मग विचारा: या ठरावाच्या जोडीला विधेयक क्रमांक कोणता? विम्याचा हप्ता, सरकारी नोकराच्या पगारातला फरक, ताब्याचा कायदा, काहीतरी एक. नसेल तर तळच्या त्याअर्थीत एक ओळ घालायला सांगा, की ॲडज्युटंट जनरलने ९० दिवसांत कुटुंबांच्या अडचणींचा अहवाल समितीला द्यावा. आणि ती शेवटची प्रतींची ओळ. तिथे बहुतेकदा राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि खासदार असतात, आणि पेंटॅगॉनमध्ये त्या कागदाची फाईल होते. एक प्रत तुकडीच्या आर्मरीत, म्हणजे तिच्या स्थानिक ठाण्यात, तिथल्या कुटुंब सहायता अधिकाऱ्याच्या नावे पाठवायला सांगा. सोबत मदतनिधीचा कोरा अर्ज जोडलेला असू द्या.